त्या पोळ्याला उपाशी कोण होतं

अंकुरनं झडती म्हटली आणि आखरावरचं डफडं वाजायचं थांबलं.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली कोण कोणाला काय बोलेल याचा नेम नसतो. सजवलेल्या बैलांच्या जोड्या आखराच्या मोकळ्या मैदानात रांगेत उभ्या असतात, एकेक जण पुढे होतो आणि यमक जुळवून कोणाच्या तरी नावानं झडती ठोकून देतो. कोणी सरपंचाला टोचतो, कोणी कापसाच्या भावाला, कोणी आपल्याच सासऱ्याला. शेवटी ‘हर बोला’ म्हटलं की सगळं गाव ‘हर हर महादेव’ म्हणून मोकळं होतं. ज्याच्यावर झडती पडली त्यानं रागवायचं नाही. फारच झोंबलं तर उलट झडती म्हणायची. तोरण तुटेपर्यंत हा कायदा, आणि तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. पण अंकुर आज जे बोलला ते टोचणं नव्हतं. सख्ख्या चुलत्याच्या तोंडावर, मानाच्या जोडीपाशी उभं राहून तो म्हणाला होता:

‘मोठ्या घरी शिजे पुरन,
दारी बांधलं आंब्याचं तोरन,
भाऊ मेला उपाशीपोटी,
मोठ्या मानाची गोष्टच खोटी!
हर बोला…’

मागच्या दोनचार पोरांनी सवयीनं ‘हर हर’पर्यंत मजल मारली आणि तीही गप्प झाली.

शीला मारोतीच्या ओट्यावर बायांमध्ये उभी होती. तिनं आधी सासऱ्याचे, म्हणजे त्याच चुलत्याचे, कान पाहिले. नागोरावांना राग येत नाही असं गावात सगळे म्हणत. ते साफ खोटं होतं. राग यायचा, आणि तो आधी कानांवर यायचा, हे घरात राहणाऱ्यांनाच ठाऊक. आत्ता त्यांचे कान बैलाच्या शिंगाला लावलेल्या गेरूसारखे लाल झाले होते.

तिच्या नवऱ्याच्या, प्रफुल्लच्या हातातून कवड्या बैलाचा कासरा सुटला. तो दोन पावलं पुढे सरकला. आज तरी हाणामारी नको, असं शीलाला वाटलं. कारण या दोन घरांमध्ये आता एवढा एक दिवसच शिल्लक होता. तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली आणि बैलांची जोडीही वाटली. कवड्या थोरल्या नागोरावांकडे आला, हिऱ्या धाकट्या बापूजीकडे गेला. एका बैलानं काही नांगर चालत नाही, म्हणून बापूजी गेल्यावरही दोन्ही घरं सावड करून शेती करत होती: आज हिऱ्या-कवड्या तुमच्या शेतात, उद्या आमच्या. बोलणं बंद पडलं तरी बैलांचं येणंजाणं चालू होतं. आता बापूजीच्या अंकुरनं हिऱ्या विकायला काढला होता. झरी गावाकडचा एक शेतकरी उद्या येऊन घेऊन जाणार होता. त्यानंतर अंकुर पुण्याला जाणार, असं गाव म्हणत होतं. बैल गेला की दोन घरांना एकमेकांच्या दारात जायला निमित्त उरणार नव्हतं.

“प्रफुल्ल,” नागोराव म्हणाले, “कासरा धर.”

“बाबा, हा काय बोलला ऐकलं ना?”

“ऐकलं. बहिरा नाही झालो अजून. कासरा धर आधी, जनावर बुजते.”

नागोराव पुढे आले. सगळी माणसं पुढे झुकली. पंचक्रोशीत झडतीला त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका झडतीनं त्यांनी एकदा एका पुढाऱ्याला आखरावरून घरी पाठवलं होतं. अंकुरची बायको अर्पिता दिवाळीपासून माहेरी बसली होती, आणि हे यमकात बसवायला नागोरावांना कितीसा वेळ लागणार? शेजारची बाई शीलाला कोपरानं ढोसून म्हणाली, “आता पाह्य बाप्पा, पोट्ट्याचं काही खरं नाही.”

नागोरावांनी तोंड उघडलं, मिटलं. अंकुरकडे जरा वेळ पाहत राहिले, एखादा अनोळखी पाहुणा दारात उभा राहिल्यावर पाहावं तसे. मग हात वर केला.

‘हिऱ्या-कवड्या एका जुवात,
पुतन्या बोलला भर गावात.
बोलू द्या त्याले, घरचाच हाय,
सांग बाप्पा, सलते काय?
हर बोला…’

“हर हर महादेव!” गावानं म्हटलं, पण त्यात दम नव्हता. लोकांची निराशाच झाली होती म्हणा ना. तोरण तुटलं, बैल उधळले, डफडं पुन्हा सुरू झालं. अंकुर मात्र उभाच होता. मार खायची तयारी करून आलेल्या माणसाला कोणी पाणी विचारावं तसं त्याचं झालं होतं. मग त्यानं हिऱ्याचा कासरा ओढला आणि थोरल्या घराकडे न जाता तो सरळ आपल्या घराच्या वाटेला लागला.

*

प्रफुल्लला बापाचा इतका राग आला होता की अंकुरचा राग त्यामागे लपून गेला.

“गावापुढे इज्जत काढली त्यानं,” तो वाटेनं बोलत होता. एका हातात कवड्याचा कासरा, दुसरा हात हवेत. “अन् तुमी त्याले काय म्हणता? घरचाच हाय! घरचा असा असते काय?”

“यमक चांगलं जमलं होतं त्याचं,” नागोराव म्हणाले.

“बाबा!”

“नाही, खरंच. पुरन-तोरन. बापूजीले नाही जमायचं कधी.”

दारात नागोरावांची बायको तुळसाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. हिऱ्या-कवड्याची मानाची जोडी आधी थोरल्या घरी यायची, तिनं दोघांचे पाय धुवायचे, दोघांना ओवाळायचं, पुरणपोळीचा घास भरवायचा, अशी रीत. तिनं कवड्याच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

“हिऱ्या कुठं हाय?”

प्रफुल्लनं सगळं सांगितलं. झडती तर त्यानं दोनदा म्हणून दाखवली. ते ऐकून तुळसाबाईनं आरतीचं ताट खाली ठेवलं.

“तुमी ऐकून घेता म्हणूनच लोक बोलतात,” ती नवऱ्याला म्हणाली. “तवा काय कमी केलं आपण बापूजीले? स्वतःचं पोट मारून वाढवला त्याले. अन् उपाशी मेला म्हणे! जा ना प्रफुल्ल, इचार त्याले, कोनाचं खाऊन एवढा झाला तुहा बाप!”

“जातोच.”

“थांब,” नागोराव ओट्यावर टेकले. “मले एक सांगा तुमी दोघंही. अंकुर लबाड हाय काय?”

आता हा काय प्रश्न झाला? असं प्रफुल्लला वाटलं.

“आगाऊ हाय,” तुळसाबाई म्हणाली.

“आगाऊ हाय. तिरसट हाय. पण लबाड? लहानपणी आपल्या झाडाची संत्री चोरली तर सांजेले स्वतः येऊन सांगून गेलता. त्याले बोलायचंच होतं तर वाटणीवरून बोलला असता. धुऱ्याच्या बांधावरून बोलला असता. वाटणीत त्याच्याकडं मुरमाड वावर गेलं, ते तर सगळ्या गावाले दिसते. मग ते सोडून उपाशी काहून म्हणला?”

“झोंबावं म्हणून!” प्रफुल्ल ओरडला.

“झोंबलंच. मायाही जिभेवर आलं होतं, त्याच्या अर्पितावरून. असं जमलं होतं की पोट्ट्यानं जलमभर मान वर केली नसती.” नागोरावांनी कान चोळला. “पण मंग वाटलं, मी ते बोललो तर हा उपाशी काहून म्हणला हे मले कधीच समजणार नाही. बापूजी छातीच्या दुखण्यानं गेला. उपाशी कसा?”

शीला कवड्यापुढे पोळी धरून उभी होती. तिच्या हातातली पोळी तशीच राहिली. बापूजी गेले त्याच्या आदल्या संध्याकाळचं, पोळ्याचं एक ताट तिला आठवलं. ती नवी सून होती तेव्हा, आणि ते ताट तिनंच वाढलं होतं. ती काही बोलणार इतक्यात नागोराव उठले आणि कवड्याचा कासरा त्यांनी स्वतःच्या हातात घेतला.

“चाला. तो नाही आला तर आपण जाऊ. पोळ्याच्या दिवशी बैल दारोदार जाते, त्याले कोनी अडवत नाही.”

“मी नाही येत,” तुळसाबाई म्हणाली.

“नको येऊ.”

“मी येतो,” प्रफुल्ल म्हणाला, आणि तो ज्या सुरात म्हणाला त्यावरून शीलानंही पदर खोचला आणि मागोमाग निघाली. एवढ्या सुरावर त्याला एकट्याला पाठवणं शहाणपणाचं नव्हतं.

*

बैलाच्या गळ्यातल्या घागरमाळेचा आवाज ऐकू आला तेव्हाच अंकुरनं ओळखलं, हा कवड्या. तो अंगणातल्या बाजेवर बसला होता. बरं झालं, त्याला वाटलं. आखरावर नाही तर इथं. एकदाचं होऊन जाऊ दे. त्यानं हे भांडण उन्हाळ्यापासून मनात शंभरदा केलं होतं. प्रत्येक वेळी मोठेबाबा, म्हणजे नागोराव, हात उगारायचे, तो म्हणायचा, “मारा, बापाले मारलं तसं मलेही मारा,” आणि मग हिऱ्याला विकून, दाराला कुलूप लावून पुण्याला जाणं एकदम सोपं होऊन जायचं. मनातलं भांडण नेहमी इथंच संपत असे.

नागोराव आले, कवड्याला हिऱ्याशेजारी बांधलं. दोन्ही बैलांनी एकमेकांची मान चाटली. नागोराव बाजेवर न बसता खाली ओट्याच्या पायरीवर बसले. प्रफुल्ल उभाच राहिला, हात छातीवर बांधून. शीला दाराजवळ गेली. दाराआड अंकुरची आई तानाबाई होती. तिचा पदर तेवढा दिसत होता. भासऱ्यासमोर भावजय येत नाही आणि बोलतही नाही, ही या घरातली जुनी चाल. लग्न होऊन आली तेव्हापासून तानाबाईनं नवऱ्याच्या थोरल्या भावाशी एक शब्द बोललेला नव्हता. काही निरोप असला तर पोरांच्या तोंडून.

“कायले आले?” अंकुर म्हणाला. “झडती कमी पडली काय?”

“नाही, पुरली. एक गोष्ट समजून घ्यायले आलो.”

“माह्यापाशी काही समजून घ्यायसारखं नाही. सगळं सांगून टाकलं गावाले.”

“गावाले समजलं असंन. मले नाही समजलं.” नागोराव वर बघून म्हणाले, “बापूजी उपाशी कसा होता?”

अंकुर हसला. ते हसणं वाईट होतं. “वा मोठेबाबा! तुमाले मालूम नाही? अख्ख्या जिल्ह्याचे न्यायनिवाडे करता, अन् स्वतःचा भाऊ…”

“अंकुर, नीट बोल!” प्रफुल्ल पुढे आला.

“तू गप राय,” नागोराव मान न वळवता म्हणाले. “त्याले बोलू दे. पाह्यजे तसं बोलू दे. सांग, अंकुर. मले खरंच मालूम नाही.”

हे अंकुरच्या भांडणात कुठंच नव्हतं. मोठेबाबांच्या डोळ्यांत तो राग शोधत होता आणि तिथं नुसताच प्रश्न होता. ते खरंच विचारत होते. त्याला आणखी चीड आली.

“बरं, ऐका मग. वाटणी झाल्यावरचा पहिला पोळा. चुली अलग झाल्या होत्या. बाबा दुपारीच आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, डोक्याले फेटा बांधून इथं बसले. या बाजेवर. म्हणे, दादाकडून आवतन येईन. आईनं पुरन केलं होतं, मी म्हणलं, बाबा, जेवा. म्हणे, थांब ना गा, दादा बोलावल्याशिवाय राह्यत नाही. दिवे लागले. मी परत म्हणलं. म्हणे, इकडं जेवून तिकडं कसा जेवू? बैलाले आदल्या दिवशी खांद्याले तूपहळद लावून आवतन देता तुमी, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’. बैलाले देता! भावाले दिलं काय?” त्याचा आवाज फाटला. “तसेच निजले. पहाटं छातीत दुखलं. यवतमाळ येईपर्यंतही नाही राह्यले. डॉक्टर म्हणे, पोटात काही हाय काय? मी काय सांगू?”

 प्रफुल्लनं छातीवरचे हात खाली सोडले.

नागोराव जमिनीकडे बघत होते. “इथं बसला होता?” त्यांनी बाजेकडे बोट दाखवलं.

“हाव.”

“फेटा बांधून?”

“हाव. लाल फेटा.”

“तो तर माह्या लग्नातला,” नागोराव म्हणाले, आणि त्यांनी चेहरा दोन्ही हातांत घेतला. मग ते म्हणाले, “चूक माही हाय, अंकुर. तू बोलला ते कमीच बोलला.”

“मामाजी,” शीला सासऱ्याला म्हणाली.

“शीला, नाही.”

“नाही कसं? अंकुरभाऊ, त्या दिवशी…”

“मी नाही म्हणलं ना!” आज दिवसभरात नागोरावांचा आवाज पहिल्यांदा चढला, आणि तोही सुनेवर.

शीला थोडी घाबरली, पण थांबली नाही. ती पांढरकवड्याची. हायवेवरच्या गावाची पोर. ट्रकच्या हॉर्नपुढेही बोलायची सवय. “त्या सांजेले मामाजीनं दोन ताटं वाढाले लावली. एक त्याईचं, एक काकाजीचं. मी नवी होती, मी इचारलं, आवतन दिलं काय? तर म्हणे, आवतन परक्याले देतात. बापूजी घरचा माणूस हाय, चुली अलग झाल्या म्हणून तो परका झाला काय? येईन. वाट पाहून पाहून ताट थंड झालं. कोनी म्हणलं, बोलावून आणा, तर म्हणे, बोलावलं तर त्याले वाटंन मी त्याले पाहुणा समजतो. मंग पित्त झालं म्हणून उठले. दोन्ही ताटं मी गाईले घातली. मामाजी जेवले नाही त्या दिवशी.”

 अंकुर शीलाकडे, मग चुलत्याकडे बघत राहिला. तीन वर्षं जपून ठेवलेला राग आता कुठं ठेवायचा ते त्याला सुचेना.

“मग सांगितलं काहून नाही?” तो ओरडला. “आत्ताही सांगत नव्हते! मी तुमाले गावापुढे एवढं बोललो, अन् तुमी…”

“काय सांगू?” नागोराव म्हणाले. “मले वाटलं, वाटणीत मुरमाड गेलं म्हणून बापूजी रुसला. तो रुसला, आला नाही, असंच धरून बसलो मी. आता समजलं तो वाट पाहून राह्यला होता. मी म्हणीन, मीही उपाशी होतो. म्हणजे अर्धा दोष त्याच्या पदरात टाकल्यासारखा. तो काय आता येऊन उत्तर देणार हाय काय? तू बापासाठी भांडून राह्यला. भांडू दे म्हणलं.”

प्रफुल्ल मटकन पायरीवर, बापाशेजारी बसला. घरून निघताना तो कोणाच्या बाजूनं होता ते आता त्यालाही सांगता आलं नसतं.

“म्हणजे दोघंही,” तो म्हणाला. “एक इकडं, एक तिकडं. मधात दोन गल्ल्या. दोघं भाऊ उपाशी.”

“अन् मी?”

आवाज दाराआडून आला. तो इतका अनपेक्षित होता की नागोरावांनी मागे वळून कोणी बाहेरची बाई आली का ते पाहिलं. तानाबाई उंबऱ्यात आली होती. डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं आणि ती सरळ भासऱ्याकडे बघत होती.

“कवाची ऐकून राह्यली मी. दोघं भाऊ उपाशी, दोघं भाऊ उपाशी! पुरन कोनं वाटलं? पोळ्या कोनं लाटल्या? नवरा न जेवता निजला तर बाई जेवते काय? प्रफुल्लचे बाबा, मीबी उपाशीच होती. पहाटं तशीच गाडीत बसली त्याईचं डोस्कं मांडीवर घेऊन. आजपावतर कोनं इचारलं?”

“आई…” अंकुर म्हणाला.

“तू तर बोलूच नको. बापाच्या उपासाची झडती करते, आईचा याले मालूमही नाही. अन् बैल इकतो म्हणे! मले इचारलं काय? हिऱ्या तुह्या बापाचा, तसा माहाही हाय. गोऱ्हा होता तवापासून त्याले चारा मी टाकला. उद्या येईन तो झरीचा मानूस, त्याले चहा पाज अन् लावून दे वापस. तुले पुण्याले जायचं तर जाय. दसऱ्याले जाय, दिवाळीले जाय. हिऱ्या नाही जात.”

अंकुरनं मान खाली घातली. नागोराव उठून उभे राहिले होते.  झडती ऐकल्यापासून ते ‘उपाशी कसा, उपाशी कसा’ विचारत फिरले होते आणि हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

“चुकलं आमचं,” ते म्हणाले.

“आमचं नाही, तुमचं. त्याईचं मी वर गेली की त्याईच्याशी पाहून घेईन.”

प्रफुल्लला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. नागोरावांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी हात जोडले आणि सरळ तिच्याशीच बोलले, मधे कोणाला न घालता.

“तानाबाई, आज जेवली काय तू?”

  तानाबाईचे डोळे भरून आले.

“नाही,” ती म्हणाली.

अंकुर उठला. त्यानं आईला हाताला धरून बाजेवर बसवलं आणि तो आत गेला. आत भांड्यांचा बराच खडखडाट झाला. पुरणाचं पातेलं कुठं ठेवलंय, तूप कशात आहे, हे त्याला या घरात जन्मून ठाऊक नव्हतं. शेवटी शीला आत गेली, तेव्हा कुठं ताट बाहेर आलं.

चुलता आणि दोघे भाऊ भिंतीला टेकून बसले होते. तानाबाईनं पदर सावरला, पोळी मोडली आणि सगळ्यांदेखत पहिला घास खाल्ला.